पाठवण्याआधी आम्हाला दाखवा

प्रति,
मा. अध्यक्ष व सदस्य,
ऑस्करसाठी भारताचा चित्रपट निवडणारी समिती,
फिल्म फेडरेशन ऑफ इंडिया, मुंबई



गणपती उरकतात न उरकतात तोच दरवर्षी तुमची घोषणा येते: यंदा अमुक सिनेमा ऑस्करला चालला. पुढचे दोन-तीन दिवस मग गदारोळ. हाच का, तो का नाही, कुणाचा वशिला, कुणाचा दबाव. वाद आमच्या हार्बर लाईनच्या लेडीज डब्यातही पोहोचतो. वाशीची खाडी ओलांडेपर्यंत दोघी-तिघी हिरिरीने बोलत असतात आणि मग कुणीतरी साधा प्रश्न टाकते, "पण तुमच्यापैकी पाहिलाय कुणी?" पाहिलेला नसतोच. पाठवलेला नाही आणि डावललेलाही नाही. हे पत्र त्या प्रश्नापायी लिहिते आहे.

माझी ओळख थोडक्यात. राहायला नेरुळला, नोकरी फोर्टातल्या एका कंपनीच्या हिशेब खात्यात. सिनेमाचं शिक्षण म्हणजे दूरदर्शनवरचा शनिवारचा मराठी चित्रपट, वाशीच्या मेघराज थिएटरातले हिंदी पिक्चर आणि आता मोबाईल, तोही बरेचदा भाजी निवडता निवडता. कॅमेरा कुठे लावलाय, प्रकाश कुठून येतोय हे मला कळत नाही. कंटाळा कधी आला ते मात्र अचूक कळतं. तुमच्या यादीतले सिनेमे हुडकून बघायचा नाद अलीकडे लागला आणि त्यातून काही मतं तयार झाली. ती अडाणी असतील, पण सिनेमा पाहून झालेली आहेत.

आधी हिशेब मांडते, सवयीने. या विभागाला पूर्वी परदेशी भाषेतला चित्रपट म्हणत, आता आंतरराष्ट्रीय चित्रपट म्हणतात. त्यात शेवटच्या पाचांपर्यंत भारताचे आजवर तीनच पोहोचले: 'मदर इंडिया', 'सलाम बॉम्बे' आणि 'लगान'. लगान २००१ चा. त्यानंतर कुणी नाही. तिघांत मराठी भाषेतला एकही नसला तरी मराठी माणसं आहेत: सलाम बॉम्बेत नाना पाटेकर, लगानचे दिग्दर्शक आशुतोष गोवारीकर, आणि लगानमधल्या माणसांना कपडे चढवणाऱ्या कोल्हापूरच्या भानू अथैया. भानूताईंना त्याच्या कितीतरी आधी, १९८३ मध्ये, 'गांधी'च्या वेशभूषेसाठी ऑस्कर मिळालं होतं. भारतीय माणसाला मिळालेलं ते पहिलं. २०१२ मध्ये त्यांनी ती बाहुली अकादमीकडे परत पाठवून दिली, कारण आपल्यामागे इथे ती नीट सांभाळली जाईल याचा त्यांना भरवसा वाटेना. मला या गोष्टीचं अजून वाईट वाटतं. पण त्यांचं चुकलं असंही म्हणवत नाही.

मराठीतले तुम्ही तीन पाठवलेत. २००४ मध्ये 'श्वास', २००९ मध्ये 'हरिश्चंद्राची फॅक्टरी', २०१५ मध्ये 'कोर्ट'. समितीतली माणसं दरवर्षी बदलतात हे मला ठाऊक आहे, तरी 'तुम्ही' म्हणूनच लिहिते. एक टपाल पत्ता असला की तक्रार करायला बरं पडतं.

'श्वास'बद्दल काय सांगू? कोकणातला आजोबा नातवाला घेऊन शहरातल्या मोठ्या इस्पितळात येतो. पोराला डोळ्यांचा कर्करोग आहे, जीव वाचवायचा तर दोन्ही डोळे काढावे लागणार. डॉक्टर सांगतात की ऑपरेशनच्या आधी हे मुलाला कळलं पाहिजे, आणि सांगायचं कुणी तर आजोबाने. पुढचा सगळा सिनेमा म्हणजे हे सांगणं कसं जमवायचं, एवढंच. अरुण नलावडे इस्पितळाच्या कॉरिडॉरमध्ये नुसते उभे राहतात, हातातली पिशवी या हातातून त्या हातात घेतात. संदीप सावंतांनी कोकणातली गरिबी समजावून सांगितली नाही, आजोबाचं अडाणीपण समजावून सांगितलं नाही. आजोबा एक दिवस पोराला घेऊन इस्पितळातून गुपचूप निघून जातो, डोळे आहेत तोवर शहर दाखवायला, तेव्हा त्याचं बरोबर की चूक हेही सिनेमा आपल्याला सांगत बसत नाही. 'श्यामची आई'नंतर पन्नासेक वर्षांनी मराठीला देशातल्या सर्वोत्तम चित्रपटाचा मान मिळाला, तो या सिनेमामुळे.

आणि मग आठवा काय झालं ते. ऑस्करच्या स्पर्धेत प्रचाराला पैसा लागतो, तिथे खेळ लावावे लागतात, जाहिराती द्याव्या लागतात. निर्मात्यांकडे तेवढे पैसे नव्हते. तेव्हा महाराष्ट्रात लोकांनी वर्गणी काढली. शाळेतल्या पोरांनी पैसे जमवले, नाटकवाल्यांनी दिले, मोठ्या नावांनी दिले आणि ज्यांची नावं कुणाला माहीत नाहीत त्यांनीही दिले. एका सिनेमाने अमेरिकेत जावं म्हणून खिशात हात घालणारे लोक मी तरी पुन्हा पाहिले नाहीत. मला त्यातली खरी बाब ही वाटते की या लोकांनी तो आधी पाहिला होता. थिएटरात बसून, रडून, घरी येऊन जेवताना त्यावर बोलून झाल्यावर त्यांनी पैसे दिले. न पाहिलेल्या सिनेमासाठी वर्गणी निघत नाही.

'हरिश्चंद्राची फॅक्टरी'चं उलटं झालं. तुम्ही तो सप्टेंबर २००९ मध्ये निवडलात, आमच्याकडे सगळीकडे लागला जानेवारी २०१० मध्ये. म्हणजे ज्या महिन्यांत लोकांनी त्याच्याबद्दल बोलायचं, त्या महिन्यांत तो कुठे दिसतच नव्हता. सिनेमा छान आहे, परेश मोकाशींनी दादासाहेब फाळक्यांना चौथऱ्यावरून खाली उतरवलं आणि नंदू माधवांनी त्यांना चिरतरुण पोरकटपणा दिला. माझी तक्रार एकच. घरातलं सामान विकलं जातं, दृष्टी जायची वेळ येते, आणि सगळे आनंदात. त्यांच्या बायकोला, सरस्वतीबाईंना एकदा तरी संताप आला असेल ना हो?

'कोर्ट' आला एप्रिल २०१५ मध्ये. गंमत अशी की त्याच महिन्यात सरकारने फर्मान काढलं होतं की मल्टिप्लेक्सवाल्यांनी मराठी सिनेमा संध्याकाळी ६ ते ९ मध्ये लावलाच पाहिजे. आठवडाभरात ते सैल होऊन दुपारी १२ ते रात्री ९ झालं. म्हणजे पुन्हा नोकरदार माणूस हापिसात असतानाची वेळ. असो. व्हेनिसला बक्षिसं मिळवून आलेला, सुवर्णकमळ मिळालेला हा सिनेमा बघायला मी थोडी घाबरतच गेले, कारण असल्या सिनेमांत माणसं भिंतीकडे बघत बसतात असा माझा समज.

आणि पडद्यावर मला आमचा डबा दिसला. गीतांजली कुलकर्णी त्यात सरकारी वकील आहे. कोर्टात ती एका म्हाताऱ्या लोकशाहिराला आत टाकायला बघते, का तर त्याचं गाणं ऐकून म्हणे एका गटार साफ करणाऱ्या कामगाराने जीव दिला. कोर्ट सुटलं की ती लोकलमध्ये बसते, शेजारणीशी साडीबद्दल बोलते, नवऱ्याच्या डायबेटिसबद्दल बोलते, पोराला पाळणाघरातून उचलते, घरी जाऊन कणीक मळते. ही बाई मला रोज भेटते. कदाचित ती मीच आहे. चैतन्य ताम्हणेंनी तिला दुष्ट दाखवली असती तर मी निवांत घरी आले असते. तसं त्यांनी केलं नाही, म्हणून ती डोक्यातून जात नाही. आणि त्या मेलेल्या कामगाराची बायको साक्ष देते तो प्रसंग. मॅनहोलमध्ये उतरण्याआधी तो झुरळ आहे का बघायचा. झुरळ दिसलं तर आत हवा आहे. हे ती भाजीचा भाव सांगावा तशा आवाजात सांगते. वीरा साथीदारांनी तो शाहीर उभा केला. पुढे २०२१ मध्ये करोनाने ते गेले.

आमच्या शेजारच्या काकांना 'कोर्ट' रटाळ वाटला. "कॅमेरा लावून माणूस चहाला गेलाय काय?" असं ते म्हणाले. त्यांचं मत मला मान्य नाही, पण त्यांनी ते दोन तास बसून कमावलेलं आहे. त्या वर्षी तुमच्या समितीचे अध्यक्ष अमोल पालेकर होते आणि शेवटच्या पाचांत काही 'कोर्ट' गेला नाही. तरी मी सांगते, तुमच्या सगळ्या निवडींत ही मला सर्वांत धाडसाची वाटते.

आता तुम्हाला वाटेल की ही बाई मराठी मराठी करत भांडायला आली आहे. तसं नाही. २०१६ मध्ये 'सैराट' असताना तुम्ही तमिळ 'विसारनाई' पाठवलात तेव्हा आमच्या सोसायटीत जवळपास मोर्चा निघायचा बाकी होता. सैराट सगळ्यांनी पाहिलेला, गाण्यांवर गणपतीत नाचून झालेलं. विसारनाई मी नंतर मोबाईलवर पाहिला, खालच्या ओळी वाचत. परराज्यात पोटासाठी गेलेल्या पोरांना पोलीस पकडतात आणि न केलेला गुन्हा कबूल करा म्हणून मारतात. मध्येच उठून गॅस बंद केला, कारण स्वयंपाक सुचेना. तुमची निवड बरोबर होती. सैराट मला जास्त आवडतो, पण आवडणं आणि पाठवणं यांत फरक आहे हे मला समजतं. म्हणून प्रेक्षकांची मतं मोजून निवड करा असं मी मुळीच म्हणत नाही. तसं केलंत तर दरवर्षी सगळ्यात मोठ्या जाहिरातीचा सिनेमा जाईल.

२०२० मध्ये ताम्हणेंचाच 'द डिसायपल' राहिला आणि मल्याळम 'जल्लीकट्टू' गेला. 'द डिसायपल'मधल्या गवयाचं आडनाव नेरुळकर आहे, म्हणून आमच्या नेरुळात तरी त्याचं कौतुक व्हायला हवं होतं. झालं नाही, कारण तो थेट मोबाईलवर आला आणि सुचवण्याच्या गर्दीत कुठेतरी खाली गेला. रात्री रिकाम्या रस्त्यावरून तो शरद नेरुळकर मोटरसायकलवर जातो आणि कानात गुरूंच्या गुरू माईंचं बोलणं चालू असतं, सुमित्रा भावेंच्या आवाजातलं. एवढ्यासाठी तरी तो मोठ्या पडद्यावर मिळायला हवा होता.

पण माझं खरं भांडण २०२४ चं आहे.

त्या वर्षी मे महिन्यात पायल कपाडियांच्या 'ऑल वी इमॅजिन अॅज लाइट'ला कान महोत्सवात ग्रां प्री मिळालं. पाम दोरच्या खालोखालचा हा मान, आणि मुख्य स्पर्धेत भारतीय सिनेमा तीस वर्षांनी शिरला होता. सप्टेंबरात तुम्ही किरण राव यांचा 'लापता लेडीज' पाठवलात. 'लापता लेडीज' मला आवडला. घुंगटामुळे रेल्वेत नवऱ्या बदलतात, पान खाणारा रवी किशनचा इन्स्पेक्टर बेरका निघतो, शेवटी सगळ्यांचं भलं होतं. सासूबाईंसकट सगळं घर खूश. फक्त त्यातली प्रत्येक गोष्ट शाळेच्या गॅदरिंगमधल्या नाटुकल्यासारखी आपल्याला दोनदा समजावून सांगितली जाते. शिक्षण महत्त्वाचं, सेंद्रिय शेती महत्त्वाची, बाईने स्वतःच्या पायावर उभं राहणं महत्त्वाचं. मान्य आहे हो. पण मान्य असलेली गोष्ट ऐकायला मी तिकीट का काढू?

निवडीचं कारण देताना तुम्ही जे लिहिलंत त्यात भारतीय स्त्री म्हणजे शरणागती आणि वर्चस्व यांचं विचित्र मिश्रण असल्याच्या अर्थाचं वाक्य होतं. तेरा जणांच्या त्या समितीत बाई एकही नव्हती. यावर तेव्हा पुष्कळांनी पुष्कळ लिहिलं, मी भर घालत नाही. मला जास्त लागलं ते दुसरंच. पायलच्या सिनेमाबद्दल तुमच्या महासंघाकडून असं सांगितलं गेलं की भारतात घडणारा युरोपियन सिनेमा पाहतोय असं समितीला वाटलं.

युरोपियन? माझ्याबरोबर नेरुळ गावात चला. सारसोळ्याला, करावे गावात, दिवाळ्याला चला. त्या सिनेमातली पार्वती इस्पितळात स्वयंपाक करते. ज्या खोलीत आयुष्य गेलं ती खोली पाडून बिल्डर टॉवर बांधणार, आणि खोली आपली आहे हे दाखवायला तिच्याकडे कागद नाही. नवरा गिरणीत होता, तो गेला, कागद कुठे आहेत कुणाला ठाऊक. आमच्या नवी मुंबईची सुरुवातच कागदापासून झाली. १९७० मध्ये शहर वसवायला सिडको आली, ९५ गावांच्या जमिनी घ्यायचं ठरलं, मग शेतकऱ्यांचं जासईचं आंदोलन, मग जमीन गेलेल्यांना साडेबारा टक्क्यांचे भूखंड, मग गावठाणात गरजेपोटी बांधलेली घरं आणि त्या घरांवर टांगलेली तलवार. इथल्या म्हाताऱ्या बायका वाचता येत नसलं तरी सातबारा दुरून ओळखतात. पार्वती कागद नाही म्हणते तेव्हा त्या वाक्याला खालची ओळ लागत नाही. ती आणि इस्पितळातली नर्स प्रभा रात्री बिल्डरच्या फलकावर दगड मारतात, तिथे मी थिएटरात मोठ्याने हसले, आणि माझ्या मागची एक अनोळखी बाईही हसली.

आणि पार्वती शेवटी जाते कुठे? कोकणात, आपल्या गावी, रत्नागिरीच्या बाजूला. या सिनेमात मल्याळम आहे, हिंदी आहे आणि आपली मराठीही आहे. मुंबईत नर्स म्हणून आलेल्या केरळच्या मुली आमच्या नवी मुंबईच्या प्रत्येक सोसायटीत आहेत. रात्रपाळी करून सकाळच्या गाडीने परतताना बसल्या बसल्या झोपतात. सिनेमातली प्रभा त्यांच्यातलीच. तिच्या घरी जर्मनीतल्या नवऱ्याकडून भात शिजवायचा कुकर येतो, चिठ्ठी नाही, काही नाही, आणि ती रात्री स्वयंपाकघराच्या फरशीवर बसून त्या कुकरला मिठी मारते. सिनेमा संथ आहे. पहिल्या अर्ध्या तासात मी घड्याळ पाहिलं होतं, खोटं कशाला बोलू. पण या प्रसंगानंतर नाही पाहिलं.

आणखी एक गंमत तुमच्या ध्यानात आली होती का? पार्वती झालेली छाया कदम 'लापता लेडीज'मध्येही आहे, स्टेशनावर चहाचा गाडा चालवणारी मंजू माई. तुम्ही पाठवलेल्या आणि तुम्ही मागे ठेवलेल्या, दोन्ही सिनेमांत तीच. मंजू माई शहाणपण सांगते आणि टाळ्या घेते. पार्वती काहीच सांगत नाही, सामान बांधते. दोन्ही तिने उत्तम केलंय. मला दुसरी लक्षात राहिली.

'लापता लेडीज' पुढे अकादमीच्या पंधरांच्या यादीतही गेला नाही. त्या यादीत हिंदी भाषेतला 'संतोष' होता, पण तो पाठवला होता ब्रिटनने. शहाना गोस्वामीने साकारलेल्या उत्तर भारतातल्या एका महिला पोलिसाची गोष्ट, आणि सेन्सॉरने सांगितलेल्या कापाकापीमुळे तो भारतात लागूच शकला नाही. म्हणजे आपल्या गावची गोष्ट इंग्लंडने पाठवली, अमेरिकेने पाहिली आणि आम्ही तिच्याबद्दल बातमी वाचली.

पायलच्या सिनेमाला तुम्ही पाठवलं असतं तर बक्षीस मिळालंच असतं, असा माझा दावा नाही. बक्षिसाचं काय, ते 'कोर्ट'लाही मिळालं नाही. मला खटकतं ते तुमचं मोजमाप. सिनेमा बघताना तुम्ही आमच्या खुर्चीत बसत नाही, लॉस एंजेलिसमधल्या कुणा गोऱ्या माणसाच्या खुर्चीत बसता आणि त्याला हे भारतासारखं वाटेल का, असं स्वतःला विचारता. त्या माणसाला काय वाटेल हे ना तुम्हाला ठाऊक ना मला. १९३६ मध्ये पुण्यात प्रभातच्या दामले आणि फत्तेलालांनी 'संत तुकाराम' केला. व्हेनिसच्या माणसाला इंद्रायणी कळेल का, असं त्यांनी मनात आणलं असेल असं वाटत नाही. वर्षभर मुंबईत गर्दी खेचणारा तो सिनेमा १९३७ मध्ये व्हेनिसला गौरवला गेला. तुकाराम झालेले विष्णुपंत पागनीस देहूकरांना पटले, ते तिथेही पटले.

२०२५ बद्दल मात्र तुमचे आभार मानते, अर्धे. एन. चंद्रा अध्यक्ष होते. बेकार पोरांचा 'अंकुश' करणाऱ्या माणसाने रस्त्यावरच्या दोन पोरांची गोष्ट निवडली हे मला साजेसं वाटलं. नीरज घेवान यांचा 'होमबाउंड' पंधरांच्या यादीपर्यंत गेला, शेवटच्या पाचांत नाही. दोन मित्र, एक दलित, एक मुसलमान, पोलीस भरतीची स्वप्नं बघणारे, आणि मग लॉकडाऊन. २०२० च्या उन्हाळ्यात सायन-पनवेल रस्त्याने डोक्यावर बोचकी घेऊन चाललेली माणसं आम्ही गच्चीतून पाहिली आहेत, पाण्याच्या बाटल्या खाली नेऊन दिल्या आहेत आणि दार लावून घेतलं आहे. सिनेमा थोडा जास्त रडवतो, संगीत थोडं कमी चाललं असतं. पण त्याने मला तो रस्ता पुन्हा बघायला लावला.

तुम्ही कोलकात्यात 'होमबाउंड'चं नाव घेतलंत ती तारीख १९ सप्टेंबर. नेमका त्याच दिवशी रोहन कानवडे यांचा 'सबर बोंडं' आमच्याकडे थिएटरात लागला. तुमच्या यादीत तोही होता, 'दशावतार' होता, 'स्थळ' होता, महापालिकेच्या कामगारांच्या रात्रशाळेवरचा 'आता थांबायचं नाय'ही होता. मराठीला असं वर्ष फार दिवसांनी आलं. 'सबर बोंडं'ने त्या जानेवारीत सनडान्सला परदेशी कथापटांतलं सर्वोच्च बक्षीस मिळवलं होतं. बाप गेल्यावर मुंबईत नोकरी करणारा आनंद दहा दिवसांच्या सुतकासाठी गावी जातो. नातेवाईक म्हणतात आता लग्न उरक. त्याचं मन बाल्यावर, लहानपणच्या मित्रावर आहे, आणि हे त्याच्या आईला ठाऊक आहे. ती ते फार सहजतेने सांभाळून नेते; त्या बाईचा अभिनय बघून मला आमच्या घरातल्या दोन-तीन थोरल्या बायका आठवल्या, ज्यांना सगळं कळायचं आणि ज्या काही बोलायच्या नाहीत. सुतकाचे नियम, अनवाणी चालणं, काय खायचं काय नाही यावरची कुजबुज, सगळं जिथल्या तिथे. पार्श्वसंगीताचा पत्ता नाही.

हा सिनेमा बघायला मी काय केलं ते सांगते. त्या आठवड्यात आमच्याकडच्या मॉलमध्ये 'दशावतार'च्या खेळांना मुंगी शिरायला जागा नव्हती, आणि चांगलंच आहे ते. ऐंशी ओलांडलेल्या दिलीप प्रभावळकरांना बघायला लोक कुटुंबासह येत होते. 'सबर बोंडं'चा मात्र मोजका खेळ, तो आडवेळेला. रजा टाकली. थिएटरात दहा-बारा माणसं. पुढच्या शुक्रवारी खेळ गायब. थिएटरवाल्याला मी दोष देत नाही, त्याला खुर्च्या भरायच्या असतात.

अकादमीचा नियम आहे की सिनेमा आपल्या देशात किमान सलग सात दिवस तिकीट लावून दाखवलेला असला पाहिजे. तुमच्या यादीतल्या कित्येकांचं आयुष्य तेवढंच, सात दिवस, आणि तेही कुठल्या शहरात, किती वाजता, ते कळायच्या आत संपणारं. तुम्ही समितीवाले दाराआड बसून वीस-पंचवीस सिनेमे ओळीने बघता. हे कष्टाचं काम आहे, त्याबद्दल आदर आहे. तिकडे अकादमीनेही ९८ व्या सोहळ्यापासून नियम केला की विभागातले नामांकन मिळालेले सगळे सिनेमे पाहिल्याशिवाय सदस्याला शेवटचं मत देता येणार नाही. पहिला सोहळा १९२९ चा. सुचायला त्यांनाही वेळ लागलाच की.

तर माझं मागणं असं. यादी निवडीच्या दिवशी फुटू देऊ नका, महिनाभर आधी रीतसर जाहीर करा. त्यातले सिनेमे निवडीच्या आधी लोकांना दाखवा, आणि फक्त अंधेरीत नको. वाशीला विष्णुदास भावे नाट्यगृह आहे, पनवेलला वासुदेव बळवंत फडके नाट्यगृह आहे. असं एखादं सभागृह प्रत्येक जिल्ह्याच्या गावी निघेल. ही नाटकाची जागा आहे, सिनेमाला पडदा आणि यंत्र आणावं लागेल, आवाज घुमेल. चालेल. आठवड्याच्या दिवशी रात्री साडेसातनंतर लावा म्हणजे गाडीतून उतरून येता येईल. महासंघाला एकट्याने जमणार नसेल तर राज्याच्या सांस्कृतिक कार्य विभागाला आणि महापालिकांना सोबत घ्या. चंद्रपूरच्या बाजूचं 'स्थळ' चंद्रपुरात लागलं तर तिथल्या मुली त्यावर जे बोलतील ते तुमच्या कुठल्याही अहवालात येणार नाही. त्या सिनेमाच्या सुरुवातीला मुलगा चहाचा ट्रे घेऊन येतो आणि बायका त्याला बघायला बसलेल्या असतात. हे दृश्य भरलेल्या थिएटरात बघायची मला फार इच्छा आहे.

निवड तुम्हीच करा. मतपेटी नको, मोबाईलवरचा कौल तर नकोच नको. मात्र निवडीचं कारण लिहाल तेव्हा भारतीय स्त्री, भारतीय संस्कृती असली मोठी नावं बाजूला ठेवून सिनेमातला एखादा प्रसंग लिहा, ज्यामुळे तुमच्यातल्या कुणाचं तरी मत फिरलं. आणि ज्यांना नाही निवडलंत त्यांच्याबद्दलही दोन ओळी लिहा. भांडायचं तर त्या ओळींवर भांडता येईल.

तिकीट लावा, फुकट नको. भावे नाट्यगृहाच्या खिडकीवर रांग लावायची सवय वाशीकरांना नाटकांमुळे आहेच. आमच्या सोसायटीच्या नोटीस बोर्डावर वेळापत्रक चिकटवायचं काम मी करते, आणि रटाळ म्हणणाऱ्या काकांनाही घेऊन येते.

कळावे.

आपली,
एक प्रेक्षक
नेरुळ, नवी मुंबई